भोंग्यातली चिंधी

३ मार्च

ताई,

नमस्कार. तू पत्राला उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहीत आहे, म्हणून कुशल विचारत नाही. आईचे ठीक आहे. गुडघा दुखतो, पण जिने चढायचे सोडत नाही.

काल ऑफिसात एक पाकीट आले. पाठवणारे तुमच्या गावचे हॉस्पिटल. आत एक फॉर्म आहे. भाऊजींनी तिथे बॉयलरवर काम मिळावे म्हणून अर्ज केला आहे आणि आधीच्या तीन ठिकाणांत आमच्या लॉन्ड्रीचे नाव दिले आहे. नाव दिले नसते तर लग्नानंतरचे दोन महिने कुठे होते ते सांगावे लागले असते, हे मी समजू शकतो. फॉर्ममध्ये पाच प्रश्न आहेत. कधीपासून कधीपर्यंत होते, कोणते काम, वर्तन, सोडण्याचे कारण. पाचवा असा: 'आपण या व्यक्तीस पुन्हा त्याच कामावर घ्याल काय?' उत्तरासाठी दहा दिवस दिले आहेत.

नव्या माणसांची चौकशी आणि जुन्यांबद्दल बाहेरून आलेली पत्रे ही दोन्ही कामे माझ्याकडेच असल्याने पाकीट माझ्याच टेबलावर आले. मालकीणबाईंनी ते पाहिले. म्हणाल्या, "काय रे काना-मात्रा, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचं ना हे? तुला जड जात असेल तर मी भरते. पण मला काय, घडलं तेवढंच माहीत."

मी म्हणालो, "मी भरतो."

आईला तू पाठवलेला निरोप पोचला. 'त्याला सांग, चांगले लिही.' आईने तो मला दोनदा सांगितला, एकदा जेवताना आणि एकदा मी निघताना चपला घालत होतो तेव्हा. जूनमध्ये चौकशी अधिकाऱ्यांसमोर मी बोललो त्यानंतर तू म्हणाली होतीस की तू माझा भाऊ नाहीस, कंपनीचा कारकून आहेस. निरोप तू कारकुनाला पाठवला आहेस की भावाला, ते कळले नाही.

एक गोष्ट स्पष्ट असावी म्हणून लिहितो. भाऊजींना घेताना मी चौकशी केली नव्हती असे नाही. वहीत नोंद आहे. 'आधीच्या कारखान्यात दोनदा फोन केला. कोणी उचलला नाही.' तुला ते माहीतच आहे.

फॉर्म अजून कोरा आहे.

तुझा,
धाकटा


६ मार्च

ताई,

आज पेन्सिलने पहिली तीन उत्तरे लिहिली. तारखा, काम, वर्तन. वर्तनापुढे 'उत्तम' लिहिले. ते खोटे नाही. भाऊजींइतका सर्वांच्या उपयोगी पडणारा माणूस आमच्याकडे आला नाही, हे आजही इथल्या बाया बोलतात. गाठोडे जड असले की हाक न मारता यायचे. इस्त्रीवालीच्या मुलाची सायकल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त करून दिली होती.

चौथ्या प्रश्नापाशी थांबलो. सोडण्याचे कारण. 'अपघात' लिहावे तर अपघातामुळे कोणी नोकरी सोडत नाही.

तू त्या दिवशी तिथे नव्हतीस आणि नंतर तुला भाऊजींनी सांगितले तेवढेच कळले, म्हणून क्रमाने लिहितो. आमच्या बॉयलरमध्ये पाणी खुणेच्या खाली गेले की दारावरचा भोंगा वाजतो. त्या महिन्यात तो फार वाजायचा, दिवसातून तीन-चार वेळा. आतला तरंगता गोळा अडकत होता. वाजला की इस्त्रीच्या खोलीतून बाया ओरडायच्या, "जावईबापू, पाणी मागतंय हो तुमचं बाळ!" भाऊजी हसायचे. कान लाल व्हायचे.

मग भोंगा वाजायचा थांबला. सर्वांना वाटले, दुरुस्त झाला.

१९ जूनला जेवणाच्या सुट्टीत भाऊजी आवारात ड्रायव्हरला चादरींची गाठोडी गाडीत चढवू लागत होते. ते त्यांचे काम नव्हते. पाणी उतरले, भोंगा वाजला नाही. परत येऊन पाहतात तर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणीच नाही. अशा वेळी आग बंद करून बाहेर जायचे असते, हे त्यांच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेत विचारतात. त्यांनी घाबरून थंड पाणी सोडले. पाइपाचा सांधा उडाला. चादरवाल्या मावशी त्या वेळी आत होत्या, कारण चौघींचे डबे गरम व्हायला पाइपावर ठेवलेले असतात आणि ते आणायची त्या दिवशी त्यांची पाळी होती. मावशींना बाहेर ओढून काढले ते भाऊजींनीच. त्यांचे हात भाजले ते त्यात.

नंतर अधिकाऱ्यांनी स्टुलावर चढून भोंगा उघडला. आत चिंधी होती. आमच्याच चादरीची, काठावर निळी शिलाई.

मी चौकशीत एवढेच सांगितले होते की चिंधी निघाली तेव्हा मी तिथे होतो. तू म्हणालीस, हे दुसऱ्या कोणीही सांगितले असते. खरे आहे. सहाजण उभे होते.

तुला वाटते की अशी चौकशी म्हणजे माणसावर संशय. तू आईला तसे म्हणालीस, की एकदा चूक झाली म्हणून जन्मभर कपाळावर शिक्का का? मी यावर विचार केला. अर्ज मालकाच्या नावाने येतो, पण माणूस मालकाच्या वाट्याला येत नाही. मालकीणबाई महिन्यातून एकदा बॉयलरच्या खोलीत जातात, तेही नाकाला रुमाल लावून. तो माणूस डबे आणायला जाणाऱ्या मावशीच्या वाट्याला येतो, आणि मावशीला अर्ज कोणी दाखवत नाही. तिच्या वतीने कोणीतरी विचारायला हवे असते. आमच्याकडे तो कोणीतरी मी आहे.

हॉस्पिटलच्या बॉयलरला लागून धुण्याची खोली असते आणि वरच्या मजल्यावर वॉर्ड. हे मी कल्पनेने लिहीत नाही, विचारून घेतले.

'उत्तम' खोडले नाही.

धाकटा


९ मार्च

ताई,

हे पत्र मी आधी कच्चे लिहिले आणि मग उतरवून काढले. त्यामुळे खाडाखोड दिसणार नाही, पण ती झालेली आहे.

फोन उचलला होता.

पहिल्यांदा केला तेव्हा खरेच कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा केला तेव्हा तिथल्या फोरमनने उचलला. तुझ्या लग्नाला अकरा दिवस होते. संभाषण मला पाठ आहे, म्हणून जसेच्या तसे देतो.

मी विचारले की तुमच्याकडे बॉयलरवर अमुक होते, कसे होते. तो म्हणाला, "अरे वा! विचारणारे तुम्ही पहिलेच. पोरगा लाख आहे हो. एक हाक मारली तर दोनदा येईल." आणि मग गप्प झाला.

मी म्हणालो, "पण?"

"पण म्हटलं का मी?"

"नाही, तुम्ही थांबलात."

तो हसला. "चांगले कारकून आहात. ऐका मग. भोंग्यात चिंधी कोंबतो. दोनदा सापडली. पहिल्यांदा समज दिली, दुसऱ्यांदा घरी पाठवलं. काम येतं त्याला, तसं नाही. पण भोंगा वाजला की त्याला वाटतं, चारचौघांत कोणी कानफटात मारली."

"पण तुमच्या पत्रात तर वर्तन अत्यंत समाधानकारक लिहिलंय."

"निरोपाचं पत्र ते! लग्न ठरलंय म्हणाला. कोणाच्या लग्नात आपण कशाला शिंकायचं? तुम्ही तोंडानं विचारलंत म्हणून तोंडानं सांगितलं."

मी आभार मानले. फोन ठेवला. वही उघडली आणि लिहिले, 'कोणी उचलला नाही.' तारीख घातली, सही केली. अक्षर नेहमीसारखेच आले. नंतर मी ते पान कितीदा पाहिले, पण ती ओळ बाकीच्या ओळींपेक्षा वेगळी दिसत नाही.

त्या संध्याकाळी घरी गेलो तर तू साड्यांच्या घड्या पलंगावर मांडून बसली होतीस आणि आई कोणाला तरी सांगत होती की मुलगा हसतमुख आहे, आणखी काय पाहिजे. तू मला विचारलेस, "काय रे, लागेल ना त्यांचं काम तुमच्याकडे?" मी म्हणालो, "लागलं म्हणून समज."

मी काहीच केले नाही असेही नाही. लग्नानंतर ते कामावर आले त्या आठवड्यात मी बॉयलरच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "भाऊजी, भोंग्याकडे लक्ष असू द्या हं." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मेहुणे, तुम्ही वेलांट्या सांभाळा, आग मी सांभाळतो." मी हसलो. तेवढ्याने माझे कर्तव्य झाले असे मला वाटले. पुढे भोंगा गप्प झाला तेव्हा सर्वांना वाटले दुरुस्त झाला, असे मी तुला मागच्या पत्रात लिहिले. सर्वांत मी नव्हतो. मी रोज त्या दाराखालून जात होतो. स्टूल माझ्याच खोलीत होते. एकदा ते उचलून दारापर्यंत नेले आणि बाहेर कोणीतरी बोलावले म्हणून परत ठेवले. बोलावणे महत्त्वाचे नव्हते.

भाऊजींनी चिंधी कोंबली ती त्यांची गोष्ट. ती तिथे असणार हे माहीत असलेला माणूस मी.

हे मी अधिकाऱ्यांना सांगितले नाही. तुला सांगितले नाही. तुला राग आला तो मी फार बोललो म्हणून. मी थोडे बोललो होतो.

धाकटा


११ मार्च

ताई,

काल बाईंना सांगितले. त्या टॉवेलांचा नमुना उजेडात धरून पाहत होत्या. मी उभ्याने सगळे सांगितले, फोरमनचे शब्दही. त्यांनी टॉवेल खाली ठेवला नाही.

"आठ महिने?" म्हणाल्या.

"लग्नापासून धरले तर अकरा."

"आकडा दुरुस्त करतोय!" त्यांनी आता टॉवेल ठेवला. "मी तुला का घेतलं माहीत आहे? नववी नापास, खुर्चीच्या कडेवर बसलेला. पण अर्जात एक चूक नव्हती, आणि नापास असं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हटलं, हा लपवणार नाही." मग म्हणाल्या, "मला सांगून काय होणार आहे? मावशींना सांग जा. नोकरीचं मी उद्या बघते."

मावशींच्या घरी मी आधी दोनदा गेलो होतो, कंपनीतर्फे कागदावर सही घ्यायला. या वेळी कागद नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवावे ते कळेना. त्या खिडकीत बसून डाव्या हाताने झंपराची बटणे लावायचा सराव करत होत्या. उजव्या हाताची मूठ अजून मिटत नाही. मानेवरची कातडी ताणली जाते म्हणून वळून बघायचे असले की त्या पूर्ण खांदा फिरवतात.

मी सांगितले. त्यांनी आधी दुसरे बटण लावून घेतले.

"मला वाटलंच होतं कोणाला तरी माहीत असणार," म्हणाल्या. "असल्या गोष्टी कोणाला ना कोणाला माहीत असतातच. मला फक्त वाटलं होतं, कोणी मोठा माणूस असेल."

मग म्हणाल्या, "तुझा तो भाऊजी येतो अधूनमधून पत्रातून. चौकशी करतो. फार हळवा आहे रे. त्याला म्हणावं, मला तुझा राग येत नाही, तर त्याला वाईट वाटेल." थोड्या वेळाने, "तुझा येतो."

निघताना त्यांनी चहा विचारला. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "घे. करायला मला वेळ लागतो, बसून राहा." चहा व्हायला पाऊण तास लागला. मी बसून राहिलो. मदत करू का, असे एकदा विचारले, तर नुसते माझ्याकडे पाहिले.

आज सकाळी बाईंनी बोलावले. नोकरी राहिली आहे. चौकशीची वही माझ्याकडेच ठेवली आहे, पण यापुढे प्रत्येक फोन त्यांच्या टेबलावरून, त्यांच्यासमोर करायचा. माझ्या फाईलमध्ये त्यांनी एक पान लावले आणि मला वाचायला दिले. चार ओळी आहेत, चारही बरोबर. म्हणाल्या, "उद्या तू दुसरीकडे अर्ज केलास आणि त्यांनी मला विचारलं, तर हे सांगीन. नाही विचारलं तर त्यांचं नशीब."

मी म्हणालो, ठीक.

धाकटा


१२ मार्च

ताई,

फॉर्म भरून आज पाठवला. तुमच्या घरात त्यातला मजकूर दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये म्हणून नक्कल देतो.

वर्तन: उत्तम. मेहनती, निर्व्यसनी, सर्वांना मदत करणारे.

सोडण्याचे कारण: बॉयलरच्या भोंग्यात कापड कोंबलेले आढळले. त्यामुळे पाणी उतरल्याचे कळले नाही व एक कामगार स्त्री गंभीर भाजली. तिला बाहेर काढताना यांचे स्वतःचे हात भाजले. याआधीच्या ठिकाणीही असे दोनदा घडल्याचे तेथील फोरमनने तोंडी सांगितले होते. ही माहिती खाली सही करणाऱ्याला नेमणुकीपूर्वी मिळाली होती व त्याने ती दडवली.

पुन्हा त्याच कामावर घ्याल काय: नाही. बॉयलर, लिफ्ट किंवा इशाऱ्याची घंटा असलेल्या कोणत्याही यंत्रावर नाही. माणसांमध्ये राहून करायच्या कोणत्याही कामावर आनंदाने घेऊ.

सर्वांत खाली एक ओळ मी स्वतःहून वाढवली, कारण फॉर्ममध्ये तशी जागा नव्हती: 'खाली सही करणारा हा अर्जदाराच्या पत्नीचा भाऊ आहे.'

हे पत्र तुला उद्या किंवा परवा मिळेल. हॉस्पिटलला फॉर्मही तेव्हाच मिळेल. तू आधी वाचावेस अशी सोय मला करता आली असती, पण मग तू मला थांबवायला सांगितले असतेस आणि मी कदाचित थांबलो असतो.

धाकटा


२१ मार्च

ताई,

काल हॉस्पिटलच्या ऑफिसातून फोन आला. बाईंसमोरच घेतला. पलीकडचा गृहस्थ वयस्क वाटला.

"ते तुमचे मेहुणे ना?"

"हो."

"बाकी दोन्हीकडून अगदी छान आलंय. तुमच्याकडूनच असं. घरचं काही भांडण वगैरे?"

"आहे," मी म्हणालो. "भांडण आहे आणि लिहिलंय तेही खरं आहे. मला बाजूला ठेवा. त्या कारखान्याच्या फोरमनशी बोला. पत्र मागू नका, फोन करा. आणि नंबर माझ्याकडून किंवा अर्जातून घेऊ नका, तुमचा तुम्ही शोधा."

तो म्हणाला, "अहो, मी तर उद्यापासून रुजू व्हा म्हणून पत्र टाइप करून ठेवलं होतं. हे फॉर्म आम्ही नुसते फाईलला लावतो. तुमचा वाचला तो खाली हाताने वाढवलेली ओळ दिसली म्हणून."

आज त्याचा पुन्हा फोन आला. फोरमन भेटला. बॉयलरवर दुसरा माणूस घेतला आहे. भाऊजींना रुग्णांना खुर्चीवरून आणि स्ट्रेचरवरून नेण्याचे काम देऊ केले आहे. हुद्दा खालचा आहे. ते हो म्हणाले की नाही, हे त्याला माहीत नव्हते.

मलाही नाही.

धाकटा


४ एप्रिल

ताई,

तुझे पत्र मिळाले. आईलाही दाखवले नाही.

भाऊजी चार दिवस बोलले नाहीत आणि पाचव्या दिवशी कामावर गेले, हे वाचले. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी दुसरा माणूस नको, हाच पाहिजे म्हणून हट्ट धरला, हेही वाचले. त्या भागाखाली तू रेघ ओढली आहेस, ती माझ्यासाठी असावी.

मला वाटले होते तू हॉस्पिटलबद्दल रागावशील. त्याबद्दल तू अर्धी ओळ लिहिलीस: 'ते बरोबर केलेस.' उरलेली दोन पाने दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहेत. तू लिहिले आहेस:

'तू हॉस्पिटलला सांगितलेस, तुझ्या बाईंना सांगितलेस, मावशींना सांगितलेस. मला सांगायला तुझ्याकडे पुरे अकरा दिवस होते. तुमच्या लॉन्ड्रीत ते आठ तास असायचे. उरलेले सोळा तास कोणाच्या घरात असणार होते? घरात बाबा नाहीत, आईला हसतमुख पुरतो. या घरात चौकशी करणारा एकच माणूस होता आणि त्याने ती केलीही होती. मी लग्न मोडले असते असे नाही. कदाचित लग्न केलेच असते. पण मी त्यांना विचारले असते, आणि ते कसे उत्तर देतात ते बघितले असते. आता इथे गॅसचा वास येतो म्हटले तर खिडकी उघडतात आणि हसतात. ते असे का करतात हे मला लग्नापासून कळत नव्हते. तुला माहीत होते.'

याचे उत्तर मी तीन वेळा लिहिले. तिन्ही वेळा त्यात 'तुझ्यासाठी' हा शब्द आला, म्हणून तिन्ही फाडली. तुझ्यासाठी नव्हते. त्या संध्याकाळी घरात सगळे आनंदात होते आणि ते मोडणारा मी असू नये, एवढेच होते. दुसऱ्या कोणी मोडले असते तर चालले असते.

गॅसवाल्याला आजच बोलव. भाऊजी घरी असताना बोलव, आणि वास कुठून येतो ते त्यांनाच दाखवायला सांग.

रविवारी सकाळच्या गाडीने मी येतो. दहापर्यंत पोचेन. भाऊजी घरी असताना येऊ की नसताना, ते तू कळव. मला दोन्ही चालेल, असताना आलो तर जास्त बरे. तुला जे विचारायचे आहे ते विचार. मी सांगेन. आणि तुला विचारायचे सुचणार नाही असेही काही असेल, तेही सांगेन.

तुझा भाऊ